भागधारणेच्या तक्त्यातली नावे

शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक भारतीय कंपनीला तिमाही संपल्यापासून 21 दिवसांच्या आत भागधारणेचा तक्ता जाहीर करावा लागतो. सेबीच्या 2015 च्या सूचिबद्धता नियमावलीतील 31 व्या नियमाने ही सक्ती केली आहे. तक्ता बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळांवर कुणालाही फुकट पाहता येतो. पाहणारे पुष्कळ आहेत, नीट वाचणारे थोडे.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर सातपूरची औद्योगिक वसाहत लागते. महिंद्रा अँड महिंद्राचा वाहन कारखाना तिथलाच. उदाहरणादाखल याच कंपनीचा तक्ता घ्या. त्यात आधी प्रवर्तक येतात; त्यांचा वाटा एक पंचमांशाहूनही कमी. बाकीचा बहुतेक भाग ‘सार्वजनिक’ या सदरात पडतो, पण त्यात किरकोळ गुंतवणूकदारापेक्षा आयुर्विमा महामंडळ, म्युच्युअल फंड आणि परदेशी संस्था यांचेच वजन जास्त. यांपैकी 1 टक्का किंवा त्याहून अधिक वाटा असलेल्यांचीच नावे छापली जातात. इतर सगळे गटाच्या बेरजेत मिसळून जातात.

गैरसमज इथेच सुरू होतात. राकेश झुनझुनवालांसारख्या नामवंत गुंतवणूकदाराचे नाव एखाद्या तिमाहीत दिसले नाही, की ‘सगळे विकले’ अशी आवई उठे. खरे तर वाटा 1.02 वरून 0.98 टक्क्यांवर आला तरी नाव गळते. कंपनीने नवे शेअर काढले, तर एकही शेअर न विकता टक्केवारी घटते.

दुसरी अडचण काळाची. 30 सप्टेंबरची स्थिती 21 ऑक्टोबरपर्यंत कधीही कळते. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत यजमान कधी येऊन गेला ते सापडते, आज तो कुठे आहे ते नाही, तक्त्याचेही तसेच. अमेरिकेत तर 10 कोटी डॉलरहून मोठ्या संस्थांना ‘13 एफ’ हे विवरणपत्र भरायला 45 दिवस मिळतात, आणि मंदीचे सौदे त्यात नसतातच. त्यामानाने आपल्याकडे ताजी माहिती बरीच मिळते. म्युच्युअल फंड दर महिन्याची यादी 10 दिवसांत देतात. कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून मोठा बल्क डील त्याच दिवशी जाहीर होतो. 5 टक्क्यांची मर्यादा ओलांडणाऱ्याला दोन कामकाजाच्या दिवसांत तसे कळवावे लागते.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे नावामागचा हेतू. भविष्य निर्वाह निधी संघटना 2015 पासून नव्या जमेचा काही भाग एसबीआय, यूटीआय यांच्या ईटीएफमध्ये, म्हणजे निर्देशांकाबरहुकूम शेअर घेणाऱ्या फंडांमध्ये, घालते. सातपूरच्या एखाद्या लहान वर्कशॉपमधल्या फिटरच्या पगारातून कापलेले पैसे असे फिरत फिरत महिंद्राच्या शेअरमध्ये येतात आणि तक्त्यात नाव लागते फंडाचे. फंडाने कंपनी पारखलेली नसते. ती निफ्टी निर्देशांकात आहे म्हणून घेतलेली असते. अशा खरेदीला ‘मोठ्यांचा विश्वास’ समजून मागे धावणे हा शुद्ध भाबडेपणा आहे.

मग तक्ता वाचायचा कशासाठी? मालकी कुणाकडे सरकते आहे आणि प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवले आहेत, यासाठी. तारणाचा रकाना तर सर्वांत आधी पाहावा, कारण भाव कोसळला की सावकार ते शेअर बाजारात विकतो. संस्थेचे मत जाणून घ्यायचे तर दुसरीकडे वळावे लागते. एप्रिल 2022 पासून म्युच्युअल फंडांना कंपनीच्या प्रत्येक ठरावावर मतदान करणे बंधनकारक आहे, आणि कोणत्या ठरावाला होकार दिला, कोणत्याला नकार आणि का, हे त्यांना दर तिमाहीला कारणांसह जाहीर करावे लागते.