जीभ कोणाची शुद्ध?



शहापूर-मुरबाडकडील विहारांत पंचशील घेताना आमच्या कित्येक आयाबहिणी 'पाणातिपाता' ऐवजी 'पानातिपाता' म्हणतात. एखादा शिकलेला पोरगा हसतो. मग पुढच्या पौर्णिमेस त्या नुसते ओठ हलवितात, आवाज काढीत नाहीत. त्या हसण्याविषयी आज बोलावयाचे आहे.

'न' म्हणून पाहा. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. आता 'ण' म्हणा. तेच टोक मागे वळून टाळूला लागते. फरक तो एवढाच. जिभेत आठ प्रकारचे स्नायू आहेत, डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना. चार जिभेतच राहून तिचा आकार बदलतात. उरलेले चार जबडा, कवटी, टाळू आणि गळ्यातले हाड यांपासून निघून तिला पुढेमागे, वरखाली ओढतात. लहानपणी घरात जे कानी पडले त्याचेच वळण या स्नायूंना लागते. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला जिभेवरून जात सांगता येणार नाही.

मनुस्मृतीला मात्र जिभेची जात कळत होती! तिच्या आठव्या अध्यायातला २७० वा श्लोक द्विजाला कठोर बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटावयास सांगतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथ जाळला गेला. आणि आता आपल्या आयांना आपणच गप्प करावयाचे काय?

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मणकुळातून आलेले दोन भिक्खू तथागतांकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. नाना जातींचे, नाना कुळांचे भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात, तेव्हा ते छंदसात घालू द्या, अशी त्यांची मागणी. तथागतांनी त्या दोघांचीच कानउघाडणी केली आणि बुद्धवचन स्वतःच्या भाषेत शिकण्यास अनुज्ञा दिली. पुढे अट्ठकथाकारांनी स्वतःची भाषा म्हणजे मागधी असा अर्थ लावला; मला सरळ अर्थच पटतो.

सम्यक वाचा म्हणजे खोटे, चहाडीचे, कठोर आणि वायफळ न बोलणे. त्यात 'ण' कोठे आला? आजी ती मोडीत नाही. हसणारा नातू मोडतो.

शिकवावयाचेच असेल तर आजीजवळ बसा. स्वतःचे तोंड उघडून जिभेचे टोक कोठे लागते ते तिला दाखवा, आणि 'पाणी' हा रोजचा शब्द दोघांनी मिळून सावकाश म्हणा. जमला तर ठीक. न जमला तर पुढच्या पौर्णिमेस तिला पुढच्या रांगेत बसवा आणि मोठ्याने म्हणू द्या.

जयभीम.