बोल्टवरचा नंबर

दसऱ्याचा दुसरा दिवस मला एकतीस वर्षांत कधी सुट्टीचा मिळाला नाही. आदल्या दिवशी कोतात, म्हणजे शस्त्रागारात, शस्त्रपूजा होई. रायफली ओळीने मांडायच्या, नारळ फोडायचा, प्रत्येकीच्या बोल्टजवळ ओल्या कुंकवाचं बोट टेकवायचं, वर झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान ठेवायचं. अधिकारी नमस्कार करून जात, पेढे वाटले जात. मग उरायचो मी आणि माझा मदतनीस. ओलं हळदकुंकू पोलादावर रात्रभर राहिलं की सकाळी तिथे तांबूस डाग दिसतो. तो कुंकवाचा की गंजाचा, हे तेलाच्या चिंधीने घासल्याशिवाय कळत नाही. मी एकेक रायफल मांडीवर घेऊन देवाची खूण पुसत बसायचो. पुसताना दरवर्षी एकच प्रश्न मनात यायचा. काल आपण नमस्कार नक्की कशाला केला?

मी पोलीस दलात आर्मोरर होतो. गाव शहापूर, भारंगी नदीच्या काठचं. 2011 साली निवृत्त झालो. सरावाचं मैदान सोडलं तर मी कधी गोळी झाडली नाही. खटका अडकतो, बट सैल झाला, स्प्रिंग मेली, अशा तक्रारी माझ्या टेबलावर येत आणि दुरुस्त होऊन जात. त्या काळात कोतात निम्म्याहून जास्त हत्यारं थ्री नॉट थ्री असत. आपल्याकडे ती रायफल घरी ठेवता येत नाही. सामान्य माणसासाठी तो बोअर निषिद्ध आहे, परवानाधारकाला .315 मिळते. परदेशात लोक अशा जुन्या लष्करी रायफली भिंतीवर टांगून जमवतात. मी फक्त त्यांचे ठसे जमवले. बटाच्या मानेवर उजव्या बाजूला धातूची पट्टी असते. तिच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली की वर मुकुट उमटतो, खाली राजाची अक्षरं, मग कारखान्याचं नाव, साल आणि जात. दोनशे पानी वहीत असे ठसे चिकटवले आहेत. लंडनच्या उत्तरेचं एनफिल्ड, ऑस्ट्रेलियातलं लिथगो, बर्मिंगहॅमची बीएसए आणि कलकत्त्याच्या वरचं, हुगळीकाठचं इशापूर. स्वातंत्र्यानंतरच्या इशापूरच्या रायफलींवर मुकुट नाही, अशोकस्तंभाचे सिंह आहेत. मुकुट ते सिंह हे अंतर माझ्या वहीत एका पानाचं आहे. खालचं यंत्र मात्र जवळपास तेच राहिलं.

ठसे शेजारी शेजारी लावले की तुलना आपोआप सुरू होते. 1907 ची मूळ मार्क थ्री आणि पहिल्या महायुद्धात काम उरकण्यासाठी सोपी केलेली, नावापुढे तारा असलेली मार्क थ्री यांत मॅगझिन बंद करणारी एक पट्टी कमी झाली. युद्ध लांबलं म्हणून लोखंडाचा एक तुकडा वाचवला, हे त्या ताऱ्यावरून कळतं. 1962 च्या युद्धानंतर इशापूरने हाच सांगाडा नव्या 7.62 काडतुसासाठी बांधला, तिचं मॅगझिन चौकोनी आणि बारा गोळ्यांचं. माउझर मी एकदाच हातात धरली, एका प्रशिक्षण केंद्रातल्या जुन्या संग्रहात. तिची मूठ नव्वद अंश उचलावी लागते आणि उचलतानाच स्प्रिंग ताणली जाते. आमच्या रायफलीची मूठ साठ अंशांत उठते आणि बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग भरते. माउझरचे बोल्ट अडवणारे कान पुढे, काडतुसाला लागून असतात, म्हणून ती जास्त भक्कम. आमच्या रायफलीचे मागे असतात, म्हणून ती जास्त चपळ. माउझरमध्ये गोळ्या पाच, हिच्यात दहा. हा बोल्ट ज्याच्या डोक्यातून निघाला तो जेम्स पॅरिस ली स्कॉटलंडमध्ये जन्मला, कॅनडात वाढला आणि आधी घड्याळाचं काम शिकला होता. मला ते पटतं. चांगल्या राखलेल्या थ्री नॉट थ्रीचा बोल्ट मागे ओढून पुढे सोडला की घड्याळाचं झाकण मिटल्यासारखा आवाज येतो. तो आवाज मला फार आवडायचा, आजही आवडतो. त्याचं सौंदर्य मी नाकारणार नाही.

पण या चपळाईचा हिशोब दुसऱ्याही बाजूने करावा लागतो. पहिल्या महायुद्धाआधी इंग्रज शिपायाची परीक्षा होती, मिनिटात पंधरा नेमक्या गोळ्या, तीनशे यार्डांवर. 13 एप्रिल 1919 ला अमृतसरच्या जालियनवाला बागेत पन्नास रायफली याच घराण्यातल्या होत्या. दहा मिनिटांत 1650 गोळ्या झाडल्या गेल्या. भागाकार मी वहीच्या मागच्या पानावर केला आहे, रायफलीमागे तेहतीस. म्हणजे सरासरीने प्रत्येकाने दहाचं मॅगझिन तीनदा रिकामं केलं आणि तरी पुन्हा भरलं. सरकारी आकडाच 379 मृतांचा आहे. रायफली अडकल्या म्हणून गोळीबार थांबला नाही. याचा अर्थ मी धंद्याने जाणतो. त्या रायफली कुणीतरी नीट साफ करून, नळीतून पुल-थ्रू ओढून, तेलाचा हात देऊन ठेवल्या होत्या. हुकूम देणाऱ्याचं नाव इतिहासात आहे. चिंधी फिरवणाऱ्याचं नाही. मी त्याच्या जातकुळीचा.

शहापूरच्या बाजारपेठेत माझ्या ओळखीचे एक जैन दुकानदार होते. पर्युषणात आसनगावच्या मानस मंदिराला रोज जायचे. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी हात लावला नाही, पण लक्ष देऊन पाहिली. मग म्हणाले, "हवालदार, आमच्याकडे श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंड म्हणून एक गोष्ट आहे. त्यात हिंसाप्रदान येतं. दुसऱ्याच्या हातात हिंसेचं साधन देणं." मी म्हणालो, "शेठ, मी देत नाही. सरकार देतं. मी नीट करून ठेवतो." ते हसले नाहीत. म्हणाले, "नीट कशासाठी करता?"

पुढे त्यांनीच भगवती सूत्रातली धनुष्याची चर्चा सांगितली. माणूस बाण सोडतो, बाण जीवाला लागतो. दोष सोडणाऱ्याला लागतो हे कुणालाही कळतं. पण ते सूत्र तिथे थांबत नाही. ज्या जीवांच्या देहापासून धनुष्य, दोरी आणि बाण बनले, त्यांनाही त्या क्रियेचा स्पर्श होतो, असं ते म्हणतं. मी रात्रभर या वाक्याशी झगडलो. अक्रोडाच्या झाडाने काय केलं? ते डोंगरावर उभं होतं, कुणीतरी कापलं, इशापूरला बट बनवला, मी त्याला जवसाचं तेल पाजलं. झाडालाही हिशोबात धरणारा विचार मला आधी कठोर वाटला. नंतर वाटलं, ज्याने तो केला त्याला सुटकेच्या पळवाटा चांगल्या माहीत असणार. झाडालाही सोडलं नाही, तर माणूस कुठे पळेल? आमच्या दलातला एक बौद्ध मित्र म्हणायचा की बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रांचा पहिला. तो स्वतः रोज रायफल घेऊन पहाऱ्याला उभा राही आणि हे शांतपणे सांगे. त्याने नोकरी सोडली नाही, मीही नाही. दोघांनाही घर चालवायचं होतं, आणि पहाऱ्याची गरज नाही असंही आम्हाला वाटत नव्हतं.

माझी मुलगी कॉलेजात शिकवते. तिने एकदा प्राचीन अथेन्समधला एक विधी वाचून दाखवला. देवापुढे बैल मारायचा आणि मग खटला भरायचा. पाणी आणणाऱ्या मुली म्हणत, दोष परशूला धार लावणाऱ्यांचा. धार लावणारे म्हणत, परशू हातात देणाऱ्याचा. तो म्हणे, मारणाऱ्याचा. मारणारा म्हणे, सुरीचा. सुरीला बोलता येत नाही, म्हणून ती दोषी ठरे आणि समुद्रात फेकली जाई. मी तिला म्हटलं, "पुन्हा वाच." त्या यादीत मला माझी जागा स्पष्ट दिसली, दुसऱ्या क्रमांकावर.

ते ऐकताना 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतरचे दिवस आठवले. सीएसएमटीला, तेव्हाच्या सीएसटीला, एके-47 समोर आपले शिपाई थ्री नॉट थ्री घेऊन उभे होते. नंतर सगळीकडे त्या रायफलीची नालस्ती झाली. ती जुनी होती हे खरंच. पण मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण सुरी समुद्रात फेकून सगळे हात धुताना दिसत होते. 2020 च्या प्रजासत्ताक दिनी उत्तर प्रदेश पोलिसांनी त्या रायफलीला संचलनात निरोप दिला, तो कार्यक्रम मी उभा राहून टीव्हीवर पाहिला.

आपल्याकडे सोपं उत्तर तयार आहे. माणूस निमित्त, करता करविता तो. गीतेतला तो विचार मी खोटा म्हणत नाही. पण कुरुक्षेत्रावर ते अर्जुनाला सांगितलं आहे, जो समोर उभा राहून, थरथरून, प्रश्न विचारून मग धनुष्य उचलतो. कोतात बसून निगुतीने तेल देणाऱ्याने तोच शब्द वापरला तर तो फार स्वस्तात सुटतो. रायफल निमित्त आहे. मी नाही.

एक गोष्ट मला माझ्या कामानेच शिकवली. थ्री नॉट थ्रीचा बोल्ट ज्या त्या रायफलीला बसवलेला असतो, म्हणून मुठीच्या मुळाशी रायफलीचाच नंबर ठोकतात. एकीचा बोल्ट दुसरीत घातला तर तो बहुतेकदा बसेल, बंद होईल, वरून काही दिसणार नाही. पण मागे जागा सैल राहिली तर काडतूस फाटतं आणि झाडणाऱ्याच्या तोंडावर येतं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवायचो, नंबर जुळव, मग हात लाव. तो नंबर, ते साल, तो कारखाना, जन्माचं सगळं पोलादावर कोरलेलं आहे. तिने काय केलं ते मात्र कुठेही कोरलेलं नाही. माझ्या वहीत 1917 च्या एनफिल्डचा एक ठसा आहे. तिच्या बटावर नखाएवढी खोच होती. कुठल्या घाटात, कुणाच्या खांद्यावर, कशाला आपटून पडली, त्या पानावर नाही.

म्हणून दरवर्षी 2 जानेवारीला मी सिद्धगडला जातो. शहापूरहून किन्हवली, सरळगाव, मुरबाड, म्हसा आणि पुढे नारिवलीच्या बाजूने. 1943 च्या त्या पहाटे तिथल्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोटवाल आणि हिराजी पाटील पडले. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोटवाल इंग्रज सरकारविरुद्ध आझाद दस्ता घेऊन विजेचे मनोरे पाडत होते. वय तीस. 1943 आधीचं साल असलेला वहीतला प्रत्येक ठसा मी त्या दिवशी पुन्हा पाहून निघतो. त्यांतली एखादी तिथे असू शकेल, म्हणून त्या सगळ्यांच्या वतीने जातो. वही पिशवीत असते, बाहेर काढत नाही. माझ्या दलाचाच गणवेश तेव्हा त्या बाजूला उभा होता, हे मला तिथे उभं राहून स्वतःला सांगायचं असतं.

खंडेनवमीला आता घरी पूजा करतो. पाटावर स्क्रूड्रायव्हर, कानस, तेलाची जुनी बाटली आणि वही. कुंकू लावत नाही, फूल ठेवतो. विजय मागत नाही. हात जोडून पहिल्या पानापासून नंबर वाचतो.

मागच्या वर्षी स्मारकापाशी शाळेची सहल आली होती. माझी ताठ उभं राहण्याची सवय पाहून एका मुलाने विचारलं, "आजोबा, तुम्ही पोलीस होता? बंदूक चालवली?"

"नाही रे. मी बंदुका साफ करायचो."

"फक्त साफ?"

मला हो म्हणता आलं नाही.