भरावावरच्या बाभळी

बसू नका, उभेच राहा. चौघंही.

तुमचा प्रकल्प अहवाल काल रात्री पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. 'शाश्वत जलसंधारण संरचना : सुरक्षितता व जोखीम व्यवस्थापन.' बाइंडिंग आणि सोनेरी अक्षरांवर जेवढा वेळ घातलात, त्याच्या निम्मा वेळ त्या पाझर तलावाच्या भरावावर घालवला असता तर आज मला तोंड उघडावं लागलं नसतं.

पान बत्तीस काढा. भरावाच्या खालच्या अंगाचा तुमचाच फोटो आहे. उतारावर मांडीएवढ्या जाड बाभळी उभ्या आहेत. खाली ओळ लिहिली आहे, 'भरावावरील नैसर्गिक वृक्षाच्छादनामुळे संरचनेच्या शाश्वततेत भर पडते.' हे वाक्य कोणाचं? कोणाचंच नाही? मग अहवालावर चार सह्या आहेत, म्हणजे चौघांचं.

मातीच्या भरावात बाभळीचं मूळ ओल शोधत आत शिरतं. झाड वाऱ्यानं उन्मळलं तर भरावाचा लचका घेऊन पडतं. जागच्या जागी वाळलं तर मूळ कुजतं आणि मागं पोकळ नळी राहते. पाण्याला तेवढी वाट पुरे होते. आधी ओल दिसते, मग धार लागते, धारेबरोबर मातीचे कण निघतात आणि नळी आतल्या आत रुंदावत जाते. याला पायपिंग म्हणतात. दुसऱ्या वर्षाला मी फळ्यावर काढून दाखवलं होतं, परीक्षेत तुम्ही व्याख्या लिहिलीत, मार्क घेतलेत. आणि तीच गोष्ट प्रत्यक्ष समोर उभी राहिली तेव्हा तिचा फोटो काढून खाली कौतुक लिहिलंत.

त्याच फोटोचा डावा कोपरा बघा. पायथ्याशी दोन-तीन वाव लांबीचा हिरवागार पट्टा आहे. फोटोवर तारीख एप्रिलची आहे. आजूबाजूचं सगळं रान करपलंय. मग ते गवत कोणाच्या पाण्यावर जगतंय? पाझर तलाव आहे, पाझरणारच, असं उत्तर देऊ नका. तलावानं तळातून पाझरावं, खालच्या विहिरींना पाणी द्यावं, त्यासाठीच तो बांधला. भरावातून पाणी निघणं ही निराळी गोष्ट. तुम्हीच लिहिलंय की त्या दिवशी तलावात जेमतेम चार फूट पाणी होतं. चार फुटांना ही ओल, तर सांडव्यापर्यंत भरल्यावर काय होईल, हा प्रश्न चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही?

तिथं वाकून पाणी ओंजळीत घेतलंत का? नितळ होतं की गढूळ? नितळ असेल तर मोजायचं, तारीख टाकून लिहायचं, पुढच्या आठवड्यात परत मोजायचं. गढूळ असेल तर भराव आतून वाहतोय, तिथून सरळ तहसील गाठायचं. या तपासणीला यंत्र लागत नाही. तळहात लागतो आणि वाकायची तयारी लागते.

आता तुमचं जोखमीचं प्रकरण. त्यात हिमवृष्टीचा भार आहे, समुद्री वादळ आहे. कुठून उचललंत ते मला ऐकायचं नाही. बीड जिल्ह्यावर लिहिताना दुष्काळ या शब्दाला मात्र त्यात जागा नाही. आपल्याकडच्या तलावांचा खरा धोका तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे तलाव वर्षानुवर्षं कोरडे राहतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. भरावाच्या गाभ्यात तीच माती असते. कोरड्या भरावात घुशी आणि उंदीर बिळं करतात, कडेच्या वस्तीवरचे लोक उतारावर बसवलेले पिचिंगचे दगड घराच्या पायाला नेतात. कोणी बघत नाही, कारण रिकाम्या तलावाची भीती कोणाला वाटत नाही. आणि मग एका रात्री पाऊस येतो. मांजरा धरण आठवा, आपल्या केज तालुक्यातलं, धनेगावचं. ते आटलं म्हणून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस ते भरलं. मोठ्या धरणावर निदान माणसं असतात, यंत्रं असतात. डोंगरकपारीतल्या लहान तलावावर कोण असतं? म्हणून लिहून घ्या : मोठ्या दुष्काळानंतरची भरणी ही पहिली भरणी समजायची. पहिल्या भरणीत काय होतं हे पुण्यानं पाहिलंय. पानशेतचं काम पुरं होण्याआधीच पावसाळ्यात पाणी चढलं, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी १२ जुलै १९६१ ला धरण गेलंच.

तुम्ही म्हणाल, सर, आता कायदा आहे. आहे. धरण सुरक्षितता कायदा २०२१ चा. तुम्ही त्याचं नाव अहवालात तीनदा लिहिलंय, कलमं वाचलेली दिसत नाहीत. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणं त्यात येतात. दहा ते पंधरा मीटरमधली येतात ती लांबी, साठा, पूर अशा काही अटींत बसली तरच. त्यांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची, आपत्कालीन आराखडा ठेवायचा, हे बंधन आहे. तुमच्या तलावाची उंची तुम्हीच नऊ मीटर लिहिली आहे. म्हणजे ज्या कायद्याचा आधार घेऊन तुम्ही 'सुरक्षित' असा शेरा मारलात, तो या तलावाला लागूच नाही. शंभर हेक्टर सिंचनक्षमतेपर्यंतची ही कामं जिल्हा परिषदेकडे असतात. एकेका शाखा अभियंत्याच्या गळ्यात किती तलाव अडकवलेले असतात, हे जाऊन विचारलं असतंत तर अहवालाला काही किंमत आली असती.

तिवरे विसरलात का? चिपळूण तालुका, २ जुलै २०१९ ची रात्र. ते धरणही मातीचंच. गळती लागली आहे, असं गावकरी आधीपासून सांगत होते. धरण फुटलं, खालची वस्ती झोपायच्या वेळेला वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. नंतर मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. खेकडा बीळ करणारच, घूस उकरणारच, बाभूळ उगवणारच. ते त्यांचं जगणं आहे. माणसानं दर वर्षी भरावावर चालायचं, बीळ दिसलं की बुजवायचं, रोप दिसलं की उपटायचं, हे आपलं काम आहे. ज्यांनी तक्रार केली, त्या गावकऱ्यांना दिसलं. तुम्ही तीन वर्षं शिकलात आणि तुम्हाला दिसलं नाही. याची लाज वाटली पाहिजे.

मुखपृष्ठावर खजाना बावडीचा फोटो लावलाय. बीडच्या पोरांनी लावावाच. निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली विहीर, अजून पाणी आहे तिच्यात. पण ती नीट बघितली असतीत तर कळलं असतं की बांधणाऱ्यानं पाणी आत आणायचे बोगदे केले तसा बाहेर न्यायचाही केला. जास्तीचं पाणी कुठं जाईल याचा विचार आधी झाला. तुमच्या आराखड्यात सांडवा एका रेघेत उरकलाय. त्याची रुंदी कोणत्या पुराला धरून काढली, त्याचा हिशेब नाही. प्रत्यक्ष जागेवर तर त्या सांडव्यावर दगडमातीचा बांध घातलेला आहे, फोटो सतरामध्ये स्पष्ट दिसतोय. शेतकऱ्यांनी दोन फूट पाणी जास्त थांबावं म्हणून घातलाय. त्यांची तहान मला कळते. पण मातीच्या भरावावरून पाणी वाहायला लागलं की तो काही तासांत कापला जातो, आणि त्याच शेतकऱ्यांची घरं खाली नाल्याच्या काठाला आहेत. हे त्यांना समजेल अशा भाषेत कोणी सांगायचं? बिंदुसरा नदीनं जुलै १९८९ मध्ये बीड शहरात घुसून काय केलं ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. पाण्याची वाट अडवली की ते दुसरी शोधतं.

तुमच्या अहवालातल्या शेततळ्याचंही तेच. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुदान मिळतं, अस्तरीकरण होतं, आणि प्लॅस्टिकवर शेवाळ धरलं की मोठा माणूससुद्धा त्या उतारावरून वर येऊ शकत नाही. पोर पडलं तर संपलंच. दर उन्हाळ्यात मराठवाड्याच्या पेपरात ही बातमी असते. तुमच्या खर्चाच्या तक्त्यात पाचशे मायक्रॉनची फिल्म आहे, पंप आहे, ठिबक आहे. तारकुंपण नाही. चार बाजूंना गाठी मारलेले दोर नाहीत, ट्यूब नाही. सगळं मिळून फिल्मच्या खर्चापुढं किती आलं असतं? हिशेब करून दाखवा मला.

मी का तापलोय, ते ऐका. तुमच्यातल्या दोघांचे आईबाप दिवाळीनंतर उसाच्या फडावर जातात. त्या तलावात पाणी टिकलं, खालच्या विहिरी मार्चपर्यंत चालल्या, तर एखादं घर कोयता खाली ठेवेल आणि पोरं शाळेत राहतील. बहात्तरच्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर तुमच्या आज्यांनी डोक्यावर पाट्या वाहून असले भराव घातले. तो तलाव टिकायला हवा, म्हणूनच त्याचा धोका झाकून 'शाश्वत' लिहिलेलं मला चालत नाही. उद्या तुम्ही शाखा अभियंता व्हाल, कोणी ठेकेदार होईल. तेव्हा तपासणीच्या रजिस्टरवर ऑफिसात बसून सही ठोकायची सवय लागते, आणि ती सवय अशाच अहवालांवर लागते.

अहवाल परत न्या. शनिवारी तलावावर जा. भरावाच्या माथ्यावरून एकदा आणि पायथ्यावरून एकदा, टोकापासून टोकापर्यंत चाला. प्रत्येक बीळ, भेग, ओल आणि खचलेली जागा पावलं मोजून नकाशावर मांडा. माथ्याची पातळी दर दहा मीटरला घ्या, कुठं बसलाय ते कळेल. सांडव्याची रुंदी टेपनं मोजा. खालच्या वस्तीत जा, किती घरं आहेत ते लिहा, रात्री दोन वाजता फोन उचलेल अशा तिघांचे नंबर त्यांच्या परवानगीनं घ्या आणि शाखा अभियंत्याला नेऊन द्या. सांडव्यावरच्या बांधाचं बोलणं सरपंचांसमोर करा, भांडण करू नका.

आणि बाभळींना तुम्ही हात लावायचा नाही. उत्साहात कुऱ्हाड घेऊन जाल, बुंधे तोडाल, मुळं आत तशीच राहतील आणि दोन-चार वर्षांत कुजतील. तलाव रिकामा असताना, विभागाच्या देखरेखीखाली, मूळ खणून काढून तो खड्डा थराथरानं माती दाबून भरायचा असतो. तसं पत्र तयार करा, कोणत्या बाभळी, किती जाड, भरावाच्या कितव्या मीटरला, सगळं लिहून. सोमवारी अकरा वाजता ते पत्र आधी मला दाखवायचं.