मशेरीचा तवा आणि बंद प्रयोगशाळा

पिंपरी पेंढारच्या घरी आजी मशेरी भाजायला बसली की आम्हा पोरांना अंगणाबाहेर पिटाळायची. चुलीवर फुटका तवा, त्यावर तंबाखू. धूर असा की ओसरीवरच्या माणसालाही ठसका लागावा. तंबाखू काळी व्हायला हवी, पण तिची राख होता कामा नये. मग चुरून, फडक्यातून गाळून डबीत. पहिलं बोट हिरडीवर फिरलं की निकाल: "आज लईच करपली." संशोधन आणि विकास विभाग याहून वेगळं काय करतो? आजी प्रयोग स्वतःवर करायची, एवढंच.

तंबाखू कंपनीच्या अशा विभागाचा लेखाजोखा मांडताना आपण आधी विज्ञानाचा दर्जा बघतो. तिथे नाव ठेवायला फारशी जागा नाही. फिलिप मॉरिस या अमेरिकी सिगारेट कंपनीच्या रिचमंडमधल्या प्रयोगशाळेत व्हिक्टर डिनोबल आणि पॉल मीली यांनी उंदरांना कळ दाबून निकोटीन घ्यायची सोय करून दिली. उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबत राहिले. निबंध तयार झाला. कंपनीने तो छापू दिला नाही. १९८४ मध्ये प्रयोगशाळाच बंद केली. एरवी प्रयोग फसला की विभाग गुंडाळतात, इथे तो साधला म्हणून गुंडाळला. १४ एप्रिल १९९४ रोजी सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे शपथेवर सांगत होते की निकोटीनचं व्यसन लागतं असं आपल्याला वाटत नाही. त्याच महिन्यात डिनोबलचीही साक्ष झाली.

सिगारेटवाल्यांच्या रसायनतज्ज्ञांनी आणखी एक गोष्ट ओळखली होती. अमोनियाची संयुगं घातली की तंबाखूची आम्लता उतरते, निकोटीन मोकळं सुटतं आणि झटकन भिनतं. आमच्या पारावरचा म्हातारा डाव्या तळहातावर तंबाखू घेतो, नखभर चुना लावून अंगठ्याने मळतो, दोन थापा मारून भुकटी उडवतो. चुनाही आम्लारीच! म्हाताऱ्याकडे पेटंट नाही, आणि तो काही लपवतही नाही. उलट शेजारच्यापुढे हात करतो.

म्हणून अशा विभागाला माझा प्रश्न एकच आहे: कळलं ते दाराबाहेर गेलं का? टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत फिरले आणि त्यांनी १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. निष्कर्ष १९७२ मध्ये छापून आले, नावानिशी, कुणीही तपासावेत असे.

पण आले ते इंग्रजीत. आजीला अक्षरओळख नव्हती. दडवलेलं ज्ञान आणि न पोचलेलं ज्ञान यांत नीतीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी शंभरदा सांगेन. आजीच्या हिरड्यांना तो कसा कळावा? २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, तोंडात धरणारे २४.४ टक्के. आपली खरी प्रयोगशाळा अजून तोंडातच आहे.

१९९२ मध्ये सरकारने दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. ती कारखान्याला लागली, चुलीला कुठली लागणार? सिगारेटच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग आता रोगाच्या चित्राने आणि इशाऱ्याने झाकलेला असतो. आजीची तंबाखू सुटी यायची, वर्तमानपत्राच्या कागदात. पुडी सोडली की आजी तो कागद मांडीवर सपाट करायची आणि आमच्यापुढे धरून म्हणायची, "वाच रं, काय लिव्हलंय?" आम्ही सिनेमाची जाहिरात वाचून दाखवायचो.