शितावरून सर्व्हरची परीक्षा

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाला आपले संकेतस्थळ काढायचे असते. पुस्तकांची यादी, सभासदांचे अर्ज, देणगीदारांची नावे, जुन्या स्मरणिकांचे स्कॅन, एवढाच ऐवज. तो चोवीस तास चालू असणाऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवर ठेवायचा, त्याचे वर्षाचे भाडे भरायचे, आणि मग कार्यकारिणीत प्रश्न निघतो: होस्टिंग कुणाचे घ्यायचे? एक जण म्हणतो, आपल्याच जिल्ह्यातला मुलगा हे काम करतो, हाकेच्या अंतरावर आहे, त्यालाच द्या. दुसरा म्हणतो, जगभर नाव असलेल्या कंपनीचे घ्या, डोक्याला ताप नको. वाद किमतीचा आणि सोयीचा वाटतो, पण त्याच्या तळाशी आपल्या दर्शनशास्त्रांनी शतकानुशतके घोळवलेला प्रश्न आहे: जे आपल्याला दिसत नाही आणि दिसले तरी उमगणार नाही, त्याबाबत कुणाच्या शब्दावर विसंबावे आणि कशाच्या बळावर? माझे म्हणणे असे की जवळीक आणि नावलौकिक ही विश्वासाची दोन्ही कारणे उपयोगी असली तरी अपुरी आहेत. ठेव कुणाकडे ठेवायची हे ठरवताना तिसरी कसोटी लावावी लागते: उद्या विश्वास मोडला, तर आपल्या हातात काय उरेल?

जवळिकीच्या बाजूने जे म्हणता येते ते आधी नीट ऐकून घेऊ. मनुस्मृतीने कज्ज्यांची जी अठरा प्रकरणे सांगितली, त्यांत ऋणाच्या पाठोपाठ दुसरेच प्रकरण निक्षेपाचे, म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूचे आहे. ठेव कुणाकडे ठेवावी याची तिथली यादी बोलकी आहे: कुलीन, सदाचारी, धर्म जाणणारा, खरे बोलणारा, मोठ्या गोतावळ्याचा, धनवान आणि प्रतिष्ठित. यातले कूळ आज बाजूला टाकलेच पाहिजे. जन्मावरून सचोटी जोखणारी कसोटी अन्यायाची तर आहेच, शिवाय ती चुकीचे उत्तर देते. गोतावळा आणि धन या दोन अटींमागचा विचार मात्र व्यवहाराचा आहे. ज्याची मुळे गावात रुजलेली आहेत तो रातोरात गाशा गुंडाळू शकत नाही आणि ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याच्याकडून भरपाई वसूल होऊ शकते. स्थानिक होस्टिंगवाल्याची खरी ताकद हीच आहे. त्याचा दरवाजा ठोठावता येतो, त्याच्याशी मराठीत भांडता येते, आणि तो इथल्या कायद्याच्या कक्षेत असतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत देणे आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवणे होस्टिंग पुरवणाऱ्यांवर बंधनकारक झाले. थोडक्यात, जवळ असलेल्याला जाब विचारता येतो.

अडचण अशी की या धंद्यात जवळ कोण हे ओळखणेच कठीण. जिल्ह्याच्या ठिकाणी पाटी लावून बसलेला पुरवठादार बहुधा रिसेलर असतो. त्याने दुसऱ्या कंपनीकडून घाऊक जागा घेतलेली असते, त्या कंपनीने तिसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये, आणि ते डेटा सेंटर ऐरोली-महापे पट्ट्यात असू शकते तसेच जर्मनीत किंवा अमेरिकेतही. मालकीही जागच्या जागी परदेशी होते. मुंबईच्या डायरेक्टी समूहाने उभे केलेले बिगरॉक आणि रिसेलरक्लब २०१४ मध्ये अमेरिकेच्या एन्ड्युरन्स समूहाकडे गेले आणि २०२१ मध्ये न्यूफोल्ड डिजिटल या नव्या नावाखाली आले. ग्राहकाच्या दृष्टीने पाटी तीच, पण जाब द्यायची जागा समुद्रापलीकडे. हातोहात पुढे गेलेल्या ठेवीचा विचार आपल्या धर्मशास्त्राने केलेला आहे. महाराष्ट्रात हिंदू कायद्याचा आधार म्हणून चाललेली मिताक्षरा ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका आहे, तिथे एकाने दुसऱ्याकडे सोपवलेल्या ठेवीला अन्वाहित म्हटले आहे आणि तिलाही निक्षेपाचाच नियम लावला आहे. साखळी लांबली म्हणून जबाबदारी पातळ होत नाही, हे तत्त्व उत्तमच. पण ती साखळी ठेवीदाराला दिसली तरच ते त्याच्या कामाचे. शिवाय जवळ असण्यात एक धोका दडलेला असतो. जवळच्यांवर संकट एकाच वेळी येते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा कार्यालय, पुरवठादार आणि सर्व्हर एकाच शहरात असलेल्यांना तिघांचीही चिंता एकदम करावी लागली. २६ जुलै २००५ च्या पावसात एकाच दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाणी पडले. असे पाणी मूळ प्रत आणि तिची नक्कल असा भेद करत नाही.

मग जवळीक सोडून गुणवत्तेकडे वळावे, असे दुसरा पक्ष म्हणतो, आणि त्याच्या मागे न्यायदर्शन उभे आहे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाच्या मते ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो बजावतो. मनूच्या यादीतले कूळ इथे गळून पडते आणि उरतात जाण व प्रांजळपणा. होस्टिंगच्या जाहिरातींना हे दोन निकष लावून पाहण्यासारखे आहे. ९९.९ टक्के अपटाइमची हमी जवळपास प्रत्येक जण देतो. उरलेला एक दशांश टक्का म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटे आणि वर्षाला पावणेनऊ तास संकेतस्थळ बंद राहिले तरी हमी शाबूतच. ती मोडल्यावर मिळते ती सहसा भाड्यातली सूट. वाचनालयाची वार्षिक सभा नेमकी त्याच दिवशी होती, याची भरपाई कुणी देत नाही. हा आकडा खोटा नसतो, पण जशी जाणली तशी सांगण्याची इच्छा त्यात दिसत नाही. उलट, अमुक दिवशी अमुक कारणाने सेवा इतका वेळ बंद होती, असे स्वतःहून तारीखवार जाहीर करणारा पुरवठादार आपल्या चुका उघड्या करतो, आणि म्हणूनच आप्ताच्या अधिक जवळ जातो. तो पुण्यातला असो की पॅरिसचा.

पण आप्त ओळखायचा कसा? न्यायसूत्रांनी शब्दाचे, म्हणजे आप्ताच्या वचनाचे, दृष्टार्थ आणि अदृष्टार्थ असे दोन भाग केले, आणि वेदांच्या प्रामाण्यासाठी युक्तिवाद असा केला की मंत्र आणि आयुर्वेद यांचे फळ जिथे डोळ्यांनी दिसते तिथे वचन खरे ठरते, तेव्हा जिथे दिसत नाही तिथेही ते मानावे. आपणही नकळत हेच करतो. रात्री केलेल्या तक्रारीला उत्तर आले, चुकून पुसलेले पान परत मिळाले, यावरून आग, पूर आणि चोरी यांबाबतही माणूस भरवशाचा असेल असे धरतो. याला मराठीत शितावरून भाताची परीक्षा म्हणतात आणि आपण ती शहाणपणाची खूण मानतो. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाने मात्र नेमका भांड्यातल्या भाताचाच दाखला सदोष अनुमानासाठी वापरला. काही शिते शिजली म्हणून सगळी शिजली असे ठरत नाही, अपवाद संभवतोच. शास्त्रवचनांवरच्या विश्वासालाही त्याने हाच हिशेब लावला. दृष्ट गोष्टींवरून अदृष्टाचे अनुमान निर्दोष नाही, पण माणसाला त्यावाचून गत्यंतरही नाही, असे त्याने मोकळेपणाने मान्य केले.

या कबुलीतून काय निघते, ते १० मार्च २०२१ च्या आगीवरून दिसते. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या युरोपातल्या अग्रगण्य कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली, शेजारच्या इमारतीलाही झळ बसली. कंपनी नामांकित, जाणकार, आणि तिच्या फ्रेंच ग्राहकांसाठी तर घरचीच. म्हणजे जवळीक आणि लौकिक दोन्ही हजर होते. संस्थापकाने त्या सकाळी ग्राहकांना सांगितले की आपापली आपत्कालीन योजना कामाला लावा. ज्यांच्याकडे अशी योजना नव्हती त्यांना ते वाक्य वाचून काही करता येण्यासारखे नव्हते. चोरी, पूर किंवा आगीत ठेव गेली आणि ठेवून घेणाऱ्याने त्यातले काही लाटले नसेल, तर त्याने भरपाई द्यायची नाही, असे मनुस्मृती सांगते. लीलच्या व्यापारी न्यायालयाने २०२३ मध्ये एका ग्राहकाला भरपाई देववली ती वेगळ्या मुद्द्यावर. पैसे घेऊन ठेवलेला बॅकअप मूळ सर्व्हरच्याच इमारतीत होता. आग दैवाधीन म्हणता येईल, पण मूळ आणि नक्कल एका छपराखाली ठेवणे हा माणसाचा निर्णय होता. मात्र निकाल यायला दोन वर्षे लागली. जळालेला मजकूर निकालाने परत येत नाही, म्हणून जाब विचारता येणे ही सोय चांगली असली तरी ती ठेवीची जागा घेऊ शकत नाही.

इथे तिसरी कसोटी पुढे येते. भरवशाचा पुरवठादार तो, जो आपल्याला त्याच्यावर पूर्ण अवलंबून राहू देत नाही. व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर नोंदलेले असावे, संकेतस्थळ बनवणाऱ्या मुलाच्या नावावर नव्हे. सर्व्हर कुठल्या शहरात, कुणाच्या डेटा सेंटरमध्ये, या प्रश्नाला लेखी उत्तर मिळावे. आणि पूर्ण बॅकअप कुणाची मनधरणी न करता आपल्याला उतरवून घेता यावा. रोज बॅकअप घेतो, असे सगळेच म्हणतात. त्याची परीक्षा अशी, की झिप फाइल उघडायची, स्कॅनचे फोल्डर आत आहे का ते बघायचे, डेटाबेसची फाइल दुसऱ्या मशीनवर चढवायची आणि संकेतस्थळ उभे राहते का ते पाहायचे. मराठी मजकुराची इथे एक नेहमीची फजिती होते. बॅकअप घेताना अक्षरसंच चुकीचा निवडलेला असला, तर पुस्तकांची संख्या बरोबर येते, तारखा येतात, इंग्रजी नावे येतात, आणि ‘ययाती’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे उभी राहतात. ती प्रश्नचिन्हे पुन्हा अक्षरे होत नाहीत. फाइल आहे, तिचे वजनही ठीक आहे, आणि मजकूर गेलेला आहे, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की तपासत राहायचे तर तो विश्वास कसला? मीमांसकांनी याला तात्त्विक रूप दिले आहे. ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाध येईपर्यंत ते मानावे, नाहीतर तपासणीची तपासणी करावी लागेल आणि अनवस्था ओढवेल, असे कुमारिलाचे म्हणणे. नैयायिकांचे उत्तर मला पटते. ओळखीच्या बाबतीत शंका उठतच नाही, अनोळखी बाबतीत संशय असतानाही माणूस पाऊल टाकू शकतो, आणि कृती फळली की ज्ञान खरे ठरते. बॅकअप दुसरीकडे चढवून संकेतस्थळ उभे राहिले, की तपासणीची साखळी तिथेच संपते. शिवाय तपासणीत अपमान नसतो. धर्मशास्त्रानेच मोजून, दाखवून दिलेला निक्षेप आणि बंद पेटीत, आत काय ते न सांगता दिलेला उपनिधी असा भेद केला. समोरासमोर मोजल्याने ठेव घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणाला बट्टा लागत नाही, उलट खोट्या आरोपापासून तोही वाचतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. वाचनालयात पगारी ग्रंथपाल एक, संगणक एक, तांत्रिक माणूस कुणीच नाही. त्यांनी कसली परीक्षा घ्यायची? मोठ्या कंपनीकडे जाऊन मोकळे व्हावे हेच बरे नव्हे का? मोठी कंपनी जाण पुरवते हे खरे, पण जिथे आपण लाखोंपैकी एक खाते असतो तिथे खाते गोठवले गेल्यावर बोलायला माणूस सापडणे कठीण असते. आणि याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही लोकांची संकेतस्थळे ठेवणारी सेवा बंद केली तेव्हा दिसून आले की नाव कितीही मोठे असले तरी आपल्या पानांच्या आयुष्याची हमी त्यातून मिळत नाही. दुबळ्या संस्थेला तपासणी जमणार नाही, यात तथ्य आहे. म्हणूनच तिला स्थानिक माणूस उपयोगी पडतो. कारण पहिल्यांदा बॅकअप उतरवून तो समोर बसून दुसरीकडे उभा करून दाखव, असे त्यालाच सांगता येते. जो हे करून दाखवतो आणि पुढच्या वेळी तुम्हीच करा म्हणून शिकवतो, त्याच्या जवळिकीला तेव्हा कुठे अर्थ येतो. जो टाळाटाळ करतो, त्याचा गोतावळा कितीही मोठा असला तरी त्याला नमस्कार करावा.

शेवटी, वाचनालय या व्यवहारात फक्त ठेवीदार नाही. सभासदांचे पत्ते, फोन आणि देणगीदारांच्या रकमा त्यांनी वाचनालयाकडे विश्वासाने दिलेल्या आहेत, म्हणजे त्या बाबतीत वाचनालयच ठेव सांभाळणारे आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची मांडणीही अशीच आहे. माहिती गोळा करणाऱ्याने ती हाताळायला दुसऱ्याकडे दिली तरी उत्तरदायी पहिलाच राहतो. म्हणून आम्ही भल्या माणसावर विश्वास ठेवला होता, हे उत्तर कार्यकारिणीला वापरता येणार नाही. स्वतःच्या मालमत्तेबाबत डोळे मिटून विश्वास टाकण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, दुसऱ्याच्या ठेवीबाबत तो कुणालाच नाही. जिल्ह्यातल्या त्या मुलाला काम जरूर द्यावे, पण डोमेन आपल्या नावावर, एक प्रत दुसऱ्या शहरात आणि वर्षातून निदान दोनदा समोरासमोर मोजणी, या अटींवर. या अटी तो आनंदाने मान्य करत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवायला तेवढे कारण पुरेसे आहे.