मत न घेता ठरलेले गीत

नव्या देशाला राष्ट्रगीत बहुधा घाईगर्दीतच लागते. भारताला ते १९४७ साली लागले. इंग्रज गेल्यावर त्यांच्या राजासाठीची धून वाजवणे शक्य नव्हते, पण लष्कराच्या बँडला आणि परदेशातल्या वकिलातींना समारंभात काहीतरी वाजवणे भागच होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेवेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितले गेले. शिष्टमंडळाजवळ होती ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका. तिथल्या वाद्यवृंदाने ती वाजवली, ऐकणाऱ्यांना आवडली, आणि देशाने काही ठरवण्याआधीच पारडे एका बाजूला झुकले.

वास्तविक हक्क ‘वंदे मातरम्’चा मोठा होता. वंगभंगाच्या दिवसांपासून लोकांनी त्या घोषणेपायी लाठ्या खाल्ल्या होत्या. मात्र पुढच्या कडव्यांतल्या देवीस्तवनाला अनेक मुसलमानांची हरकत होती. १९२३च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी आक्षेप घेतला, तरी पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर गातच राहिले. १९३७ साली कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी गायचे ठरवले. ‘जन गण मन’वरही बालंट होतेच. २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या अधिवेशनात ते प्रथम गायले गेले. त्याच दिवशी पंचम जॉर्जच्या स्वागताचे एक वेगळे हिंदी गीतही झाले, आणि काही वृत्तपत्रांनी दोहोंची गल्लत केली. रवींद्रनाथांनी १९३७ साली पत्र लिहून तो आरोप झटकला, पण तो अजून पुरता मेलेला नाही.

ऑगस्ट १९४८मध्ये नेहरूंनी सरकारची बाजू मांडली. प्रांतांच्या गव्हर्नरांचे मत मागवले होते आणि एक वगळता सगळे ‘जन गण मन’ला अनुकूल होते. तो एक म्हणजे मध्य प्रांताचा, ज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. नेहरूंचा भर शब्दांपेक्षा चालीवर होता. गीत बँडवर वाजले पाहिजे, परदेशी वादकांना जमले पाहिजे, आणि ‘वंदे मातरम्’ला ते साधत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे आव्हान गायक-संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी शब्दशः घेतले. झिंझोटी रागात त्यांनी बँडला पेलेल अशी चाल बांधली, बँडकडून ती वाजवून घेतली आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांना ऐकवली. आक्षेप खरोखर चालीपुरताच असता, तर वाद तिथे नव्याने सुरू व्हायला हवा होता. तसे झाले नाही. पुढे केलेले कारण खोटे नव्हते, पण ते सोयीचे होते. अवघड कारण सगळ्यांना ठाऊक होते आणि बहुतेकांनी ते न बोलणेच पसंत केले.

२४ जानेवारी १९५० रोजी, संविधानावर सह्या झाल्या त्याच दिवशी, ठराव आला नाही, मतदानही झाले नाही. डॉ. राजेंद्र प्रसादांनी अध्यक्षस्थानावरून निवेदन केले : ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, गरज पडल्यास सरकारला शब्द बदलण्याची मुभा आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान. टाळ्या झाल्या आणि बैठक संपताना दोन्ही गीते गायली गेली. हात वर करायला लावले असते, तर विरोधात किती आणि कोण याची नोंद कायमची राहिली असती. ती टळली, हे शहाणपणच. पण एखाद्याची श्रद्धा गाण्याच्या आड आली तर त्याचे काय, हा प्रश्नही चर्चेविना राहिला.

तो १९८५ साली केरळच्या एका शाळेत उभा राहिला. यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांना परत घ्यायला लावले : गायलाच हवे असे सांगणारा कायदा नाही आणि मान राखून उभे राहणाऱ्याकडून राष्ट्रगीताचा अवमान होत नाही.