परक्याच्या हाती

वस्तू परक्याच्या हाती गेली की ती आपली राहिली नाही, असे जुने लोक सांगत आले आहेत. ते खोटे म्हणवत नाही. पण माणसाचे निम्मे आयुष्य वस्तू परक्याच्या हाती देण्यातच जाते. कपडे परटाच्या, सोने सोनाराच्या, पत्र पोस्टाच्या आणि पोटचे मूल मास्तराच्या हाती आपण देतोच. देताना आपण समोरच्याकडून नेमके काय मागतो, आणि ते मागण्याचा आपल्याला कितपत अधिकार असतो, याचा मी कधी नीट विचार केला नव्हता. तो करण्याची वेळ गेल्या मे महिन्यात आली, ती एका सायकलीमुळे.

सायकल माझ्या वडिलांची. वडील पोस्टमन होते. वायरी, तारकर्ली, देवबाग अशा किनाऱ्यावरच्या वाड्यांतून त्यांनी ती चोवीस इंची काळी सायकल वर्षानुवर्षे चालवली. जिथे पुळणीत चाक रुते तिथे हाताने ढकलली. ते गेल्यापासून ती आमच्या पडवीत भिंतीला टेकून उभी होती. भाचा बंगळूरला नोकरीला असतो. आंबे खायला आला होता. जायच्या चार दिवस आधी म्हणाला, "मामा, आजोबांची सायकल मी नेऊ का? विमानातून नेता येते."

'ने' म्हणण्यावाचून मला गत्यंतर नव्हते. आजोबांची वस्तू मागणारा नातू कुठे मिळतो हल्ली? पण विमान म्हटल्यावर पोटात कालवले. आमच्या भागाला विमानाची ओळख तशी अलीकडची. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, आणि हद्दीपलीकडे गोव्यात मोपा येथून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. त्याआधीची आमची पिढी रेल्वेची, तिच्याआधीची एस. टी.ची, आणि तिच्याही आधीची आगबोटीची. आगबोट खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, आणि हेलकावणाऱ्या पडावातून आपली ट्रंक वर कोणीतरी ओढून घेईल या भरवशावर ती सोडून द्यायची. वाहने बदलली, पण मध्येच कुठेतरी एक परका हात लागतो, हे काही बदलले नाही.

कुडाळच्या सायकलवाल्याने नव्या सायकली ज्या खोक्यांतून येतात तसले एक पुठ्ठ्याचे खोके दिले, आणि पडवीत आमचे काम सुरू झाले. उजवे पायडल निघाले, डावे काही केल्या निघेना. भाचा पान्यावर सगळा भार टाकून ते आवळत होता. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. इतर ठिकाणी जे सोडवणे ते इथे घट्ट करणे. हे मला वडिलांनी लहानपणी दाखवले होते. मी पाना उलट फिरवला, आणि गंजाची भुकटी सांडत पायडल सैल झाले. हॅन्डल सोडवून दांडीला समांतर बांधले. दोन्ही चाके काढली. पुढचे चाक काढल्यावर चिमट्याची दोन टोके उघडी पडतात आणि वरून दाब आला तर आत वाकतात. म्हणून त्यांच्यामध्ये आंब्याच्या फळीचा एक तुकडा ठोकून बसवला. चेन जुन्या लुंगीच्या तुकड्यांत गुंडाळली, आणि सुटे नटबोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी दांडीलाच बांधली.

टायरची हवा कमी करावी, असा विमानाचा नियम. भाच्याला वाटे, वर गेल्यावर टायर फुटतात. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, पण एवढे सांगू शकलो की प्रवाशांच्या विमानात सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, आणि बाहेरचा दाब थोडा घटल्याने धडधाकट टायर सहसा फुटत नाही. तरी आम्ही हवा सोडली. टायर अगदीच सपाट केला तर धक्क्याने रिंगेला इजा व्हायची, म्हणून थोडी आत ठेवली. नियम करणाऱ्याची भीती थोडी जास्त असेल, पण ती त्याची भीती आहे. आपले ओझे ज्याने उचलायचे त्याच्या मनाला स्वस्थता देणे हेही बांधणीतच येते.

अवयव सगळे सतरंजीवर मांडलेले पाहून मला नागसेन भिक्षूची आठवण झाली. 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात तो राजाला विचारतो: रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि मग रथ सापडतच नाही. आमच्या सतरंजीवर वडिलांची सायकल तशीच सापडत नव्हती. उचलणाऱ्याला ती कुठून सापडावी? त्याला दिसणार एक खोके आणि त्याचे वजन.

मोठमोठ्या सायकलस्वारांचीही यातून सुटका नाही. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ साली जग पालथे घालून परतले. समुद्र मात्र त्यांना बोटीनेच ओलांडावे लागले. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवली. तिलाही एका खंडातून दुसऱ्या खंडात जाताना विमानाचाच आधार होता. केवळ स्वतःच्या पायांवर विसंबून पृथ्वी फिरणाऱ्यालाही आपली सायकल पुनःपुन्हा परक्याच्या स्वाधीन करावी लागते.

मोप्याला मी भाच्याला पोचवायला गेलो. आत त्याने खोके दिले तेव्हा त्यावर 'नाजूक' अशी चिठ्ठी लावली गेली आणि त्याची एका कागदावर सही घेतली गेली. काही मोडतोड झाल्यास जबाबदारी प्रवाशाची, अशा अर्थाचा तो कागद होता, असे त्याने बाहेर फोन करून मला सांगितले. मला राग आला. नाजूक आहे हे मान्य करायचे आणि जबाबदारी मात्र घ्यायची नाही, हा कुठला न्याय?

घरी परतताना बसमध्ये राग निवला आणि विचार सुरू झाला. कायद्याला तरी दुसरे काय करता येते? विमानवाहतुकीचा १९२९ सालचा वॉर्सा करार सामानाची भरपाई किलोवर मोजी. दर किलोला २५० सुवर्ण फ्रँक ही मर्यादा. पुढे १९९९ साली माँट्रियलचा करार झाला, भारत त्यात २००९ साली सामील झाला. त्यात ती मर्यादा माणशी झाली. पण दोन्ही करारांत एक वाट ठेवलेली आहे. आपली वस्तू मोलाची आहे असे प्रवाशाने आधी सांगावे, जास्तीचा आकार भरावा, म्हणजे भरपाईची मर्यादा वाढते. देशातल्या प्रवासाचे नियम वेगळे असले तरी मर्यादेचे तत्त्व तेच. कायद्याचे म्हणणे एवढेच, की तुझ्या मनातले मोल मला दिसत नाही.

वडिलांनाही ते दिसत नसे. त्यांच्या पिशवीत मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी असत, नोकरीचे हुकूम असत, आणि नुसती जाहिरातीची पत्रकेही असत. भर पावसात सगळे टपाल ते सारख्याच काळजीने मेणकापडात गुंडाळत. मी एकदा म्हटले, जाहिराती भिजल्या तर काय बिघडले? ते म्हणाले, "भितर काय आसा ता आपणाक खय म्हायत? म्हणान सगळीच जपूक व्हयी." ज्याला मोल ठाऊक नाही त्याने कमी जपावे असे नव्हे, उलट सगळेच जपावे, असा त्यांचा हिशेब होता.

आणि इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कोकण रेल्वे १९९८ साली पुरती सुरू झाली, त्याच्या पुढल्या वर्षीची ही हकिकत. मी पहिल्यांदाच मुंबईला निघालो होतो. शेजारच्या काकीने आपल्या लालबागच्या मुलासाठी लोणच्याची चिनी मातीची बरणी माझ्या हाती दिली. "झिला, सांभाळून व्हर हां," म्हणाली. आमच्याकडे मुंबईला जाणारा कोणीच नुसते आपले सामान घेऊन जात नाही. रात्री गाडीत मला आडवे व्हायचे होते. बरणी पायाशी होती, ती मी बाकाच्या कडेला सरकवली. पहाटे ती खाली पडून फुटली. मी तिच्या मुलाकडे गेलोच नाही. परतल्यावर काकीने विचारले, "बरणी पोचली मां रे?" मी म्हटले, "पोचली."

गणपतीला तिचा मुलगा घरी येऊन गेला. म्हणजे तिला सारे कळले असणार. ती मला एका शब्दाने काही बोलली नाही. पुढच्या खेपेला तिने मला कुळथाचे पीठ दिले; दोन कापडी पिशव्यांत घालून, वर काथ्याने आवळून बांधलेले. मी ते नीट पोचवले, आणि सुटलो असे समजलो.

पंचवीस वर्षांनंतर सायकल बांधताना त्या काथ्याच्या गाठी मला दिसल्या. काकीने मला शिक्षा केली नव्हती, आणि माझ्यावरचा विश्वासही काढून घेतला नव्हता. ओझे तिने पुन्हा माझ्याच हाती दिले होते. फक्त माझ्यात जी काळजी नव्हती ती तिने स्वतः त्या गाठोड्यात बांधून पाठवली होती. घट्ट बांधणे म्हणजे अविश्वास, असे पुष्कळांना वाटते, मलाही वाटे. आता वाटते, की वस्तूवरच्या प्रेमातून येणारी काळजी मालकाने स्वतःच बांधून द्यावी. कर्तव्यातून येणारी तेवढीच परक्याकडे मागावी. रात्रीच्या पाळीत शेकडो खोकी उचलणाऱ्या माणसाने माझ्या वडिलांच्या सायकलीवर प्रेम करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याने ती आपटू नये, एवढे मागणे मात्र न्यायाचे आहे. आणि तो माणूस माझ्या वडिलांसारखा निघाला, तर तो त्याचा मोठेपणा.

मात्र ही वाटणी मालकाने आपल्याशी करायची आहे. वाहणाऱ्याने तिचा आडोसा घेऊ नये. बरणी नीट बांधलेली नव्हती, असे मी काकीला म्हणू शकलो असतो. ते खरेही होते. पण तिने जे मोल आधी सांगून ठेवले होते, ते माझ्या कानांनी ऐकले होते.

काकी चार वर्षांपूर्वी गेली. तिच्याशी हे बोलायचे राहून गेले.

रात्री भाच्याचा फोन आला. "पोचली, मामा. काही झाले नाही." आवाज प्रसन्न होता. क्षणभर वाटले, विचारावे, चिमटा पाहिलास का? रिंग सरळ आहे ना? मग लक्षात आले, की हाच शब्द मी एकदा वापरला होता, आणि तो ऐकून घेणारीने पुढे काहीच विचारले नव्हते. मीही विचारले नाही. एवढेच म्हटले, "डाव्या पायडलाचे आटे उलटे आहेत, लावताना विसरू नकोस."